गवंडीमामाचे डोळे

माझा मामा आयुष्यभर भिंती बांधत होता, पण विटेला त्याने कधी हात लावला नाही. व्हिडिओ गेममधल्या भिंती त्या. गेममधला नायक जिथे पळतो, लपतो, उड्या मारतो, तिथल्या भिंती, फरशा, दगड आणि दारं यांच्यावरचा वरचा थर तयार करणं हे त्याचं काम. रंग, खडबडीतपणा, ओल, चकाकी, पोपडे, सगळं. कंपनीत त्याला गवंडी म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि त्याला ते आवडायचं. घरी आईने ते नाव उचललं आणि तो माझा गवंडीमामा झाला.

मीही त्याच कंपनीत आहे, आवाजाच्या विभागात. पावलांचे आवाज करते. त्यानेच मला तिथे चिकटवलं, त्यामुळे मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

मामासोबत रस्त्याने चालणं ही एक शिक्षाच होती. दर दहा पावलांवर तो थांबायचा. कुठे पाइप गळून भिंतीवर गंजाचा ओघळ आलेला, कुठे जुन्या रंगाखालून त्याच्याही आधीचा रंग डोकावणारा. खिशातून राखाडी रंगाचा एक पुठ्ठ्याचा तुकडा काढायचा, भिंतीला टेकवायचा, म्हणजे फोटोतला रंग खरा की खोटा ते नंतर कळतं, आणि फोटो काढायचा. ऊन असलं की त्याचं तोंड उतरायचं, कारण फोटोत सावली आली की भिंत वाया. ढग आले की सगळं जग घरात शिरायचं आणि मामा बाहेर पडायचा. एकदा कुणाच्या तरी मागच्या भिंतीला नाक लावून उभा होता म्हणून घरमालकाने पोलिसाला बोलावलं. मामा त्या पोलिसाला शेवाळाचे प्रकार समजावून सांगायला लागला. शेवटी पोलिसानेच हात जोडले.

मामी म्हणायची, "लग्नानंतर माझ्या तोंडाकडे एकदाच नीट बघितलंय यांनी. तेही गालावर हा डाग कसला म्हणून." तो डाग पुढे एका गेममध्ये म्हातारीच्या गालावर आला. मामीने तो ओळखला आणि दोन दिवस बोलली नाही.

गेम खेळायचं मशीन, म्हणजे कन्सोल, दर काही वर्षांनी नवं येतं. आमच्याकडे त्याला पिढी म्हणतात. मामाने अशा पाच पिढ्या बघितल्या आणि सहावीने त्याला बघून घेतलं. प्रत्येक पिढीची परीक्षा त्याने मामीकडून करून घेतली. तिला गेममध्ये काडीचा रस नव्हता, म्हणूनच तिचं मत खरं, असं त्याचं म्हणणं.

पहिल्या मशीनवर भिंत म्हणजे चार तपकिरी चौकोन होते. मामी म्हणाली, "हे चॉकलेट आहे का?" दुसऱ्या मशीनवर विटा विटांसारख्या दिसायला लागल्या आणि नायक भिंतीला वळसा घालून पलीकडे जाऊ लागला. ते बघून मामी खालीच बसली. "अगं बाई, हिला मागची बाजू पण आहे!" तिसऱ्या वेळी गेममध्ये गल्लीतून पुराचं पाणी आलं, भिंती खालून वर ओल्या होत गेल्या, तेव्हा मामीने चक्क पाय वर घेतले. तिचे पाय वर गेले ही गोष्ट मामा स्वतःच्या लग्नाच्या गोष्टीपेक्षा जास्त रंगवून सांगायचा.

चौथ्या पिढीला मामी म्हणाली, "छान झालंय." आणि मग थोडं थांबून, "पण मागच्या वेळी पण असंच होतं ना?"

पाचव्या पिढीला ती कांदा चिरत होती. मान वळवून पडद्याकडे बघितलं, "छान," म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडे वळली.

मामाचा पारा चढला. "छान काय छान? अगं, प्रत्येक विटेला स्वतःची सावली आहे! दिवा हलला की सावली हलते. चुन्यात वाळूचे कण दिसतायत. एकेक कण!"

"असतील हो," मामी म्हणाली. "चहात साखर नसताना पहिला चमचा घातला तर कळतो. दुसराही कळतो. सहावा घातलात काय नि नाही घातलात काय, मला तो गोडच लागणार."

हे तिने अगदी सहज म्हटलं. आमच्या धंद्यातल्या शहाण्यांनी याच गोष्टीवर तास तास भाषणं झोडली आहेत. शंभर तुकडे जोडून केलेला चेहरा हजार तुकड्यांचा केला तर आंधळ्यालाही फरक दिसेल, पण दहा लाखांचा कोटीचा केला तर कोण बघतंय, वगैरे. मामाने ती भाषणं ऐकली होती आणि त्यांना तो हसायचा. मामीचं बोलणं मात्र त्याला लागलं. त्यानंतर त्याने तिला कधी काही दाखवलं नाही.

फरक कमी होत गेला तशी मेहनत वाढत गेली, हे तर आणखी वाईट. पहिल्या पिढीत मामा एकटा आठवडाभरात अख्खा किल्ला उभा करायचा. सहाव्या पिढीत एका गल्लीवर अख्खा विभाग वर्षभर राबत होता. त्या विभागातला एक जण फक्त गंज करायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, त्याचं नाव पडलं गंजोबा. एक बाई फक्त शेवाळ करायच्या, त्या शेवाळबाई. आणि एक मुलगी होती, जिला सगळे ओली म्हणायचे, कारण ती फक्त ओल करायची. पाऊस थांबल्यानंतर दगड कुठून आधी वाळतो हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे. या सगळ्यांना मामानेच निवडून आणलेलं. ओली बाळंतपणानंतर नुकतीच कामावर परतली होती आणि घरात कमावणारी ती एकटीच होती.

सगळे कसे बसायचे तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पडद्याला नाक टेकवून. एक वीट मोठी करून अख्खा पडदा भरायचा आणि तिच्यात शिरायचं. मामाच्या पडद्यावर त्याच्या नाकाचा तेलकट ठिपका असायचा, तो पुसायला फडकं टेबलावरच. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणतात ते मी त्या खोलीत बघितलं. पण ज्या लोकांसाठी हे चाललं होतं ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर रेलून, पाय पसरून खेळतात, हे त्या खोलीत कुणाच्या मनातच येत नसे. मामा स्वतः कधी गेम खेळला नाही. त्याच्या घरी सोफा होता, पण त्यावर इस्त्रीचे कपडे असायचे.

एक दिवस कंपनीच्या मोठ्या बाईंनी मामाला बोलावलं. बाई काही दुष्ट नव्हत्या. मामाहून वयाने लहान, त्याला "तुम्ही" म्हणायच्या आणि त्याचं ऐकून घ्यायच्या. त्यांनी सरळ सांगितलं की नव्या मशीनवरच्या गेमसाठी भिंती विकत मिळतात, तयार, हजारोंनी. फोटो टाकला की कॉम्प्युटर स्वतःच थर चढवतो. तुमच्या विभागाच्या भिंती त्याहून चांगल्या आहेत हे मला दिसतं, पण खेळणाऱ्यांना दिसतं का?

"आंधळे नाहीत ते," मामा म्हणाला.

"मग विभाग ठेवण्यासाठी मला एवढंच दाखवा, गवंडी."

परीक्षेची कल्पना मामाचीच. बाईंच्या डोक्यातही नव्हती. तो म्हणाला, दोन टीव्ही शेजारी शेजारी लावा. एकावर जुनं मशीन, आम्ही मागच्या पिढीत केलेली गल्ली. दुसऱ्यावर नवं मशीन, तीच गल्ली आत्ता केलेली. मशिनांवर कापड टाका, बाहेरून खेळणारी माणसं बोलवा आणि त्यांना विचारा नवं कुठलं. ज्याला डोळे आहेत तो बरोबर सांगेल. नाही सांगितलं तर विभाग बंद करा, मी चकार शब्द काढणार नाही.

गंजोबाने नंतर कपाळाला हात लावला. "गवंडी, हे बोलायची काय गरज होती? 'चकार शब्द' कशाला मध्ये आणलात?"

"घाबरतोस कशाला?" मामा म्हणाला. "तुझा गंज बघितलायस ना तू?"

परीक्षेच्या दिवशी बाईंनी बैठकीच्या खोलीत सोफा आणवला. मामाने विचारलं, खुर्च्या का नाहीत, जवळ मांडू की. बाई म्हणाल्या, लोक घरी जसे बसतात तसेच बसू देत. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. ओलीने माझा हात धरला होता आणि तिचा हात घामाने भिजलेला होता. त्यावर विनोद करायची कुणाची हिंमत झाली नाही.

एकेक माणूस आत यायचा, सोफ्यावर बसायचा, दोन्ही टीव्हींकडे बघायचा. एक कॉलेजची पोरगी आली, मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली, "दोन्ही सेमच आहे ना?" एक टक्कल पडलेले गृहस्थ लगेच बोट दाखवून मोकळे झाले. चुकीचं. एकाने बरोबर सांगितलं, तेव्हा शेवाळबाईंनी श्वास सोडला. बाईंनी त्याला विचारलं, कसं ओळखलंत? तो म्हणाला, "असंच. अंदाजे." दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. जेवढे बरोबर, तेवढेच चूक. नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं.

मामाचं तोंड लालबुंद झालं होतं. "यांना बघायचं कसं तेच माहीत नाही. शिकवलेलं नाही यांना कुणी. मला बसू द्या. मी सांगतो कुठे बघायचं ते."

बाई म्हणाल्या, "राहू द्या ना."

"नाही, बसतोच. कापडाखालच्या तारा बदला, उगीच म्हणाल मला माहीत होतं."

त्याला बाहेर काढून तारा बदलल्या, की तशाच ठेवल्या, ते फक्त बाईंच्या मदतनिसाला ठाऊक. मामा आत आला आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या भिंतीपासून इतका लांब बसला होता. उठून पुढे जायला लागला, तेव्हा बाई हलकेच म्हणाल्या, "बसूनच." तो बसला. डोळे बारीक केले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. खोलीत फक्त दोन्ही गल्ल्यांमधून चालणाऱ्या नायकाच्या पावलांचा आवाज येत होता. तो मीच केलेला. त्या क्षणी तो मला नकोसा झाला.

"उजवीकडचं नवं," मामा म्हणाला. "कोपऱ्यावरचा चुना बघा. जुन्यात तो असा नव्हताच." आणि तो आमच्याकडे वळून हसला.

मदतनिसाने कापड काढलं. उजवीकडे जुनं मशीन होतं.

गंजोबा जमिनीकडे बघत होता. मामा उठला, टीव्हीजवळ गेला, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकला, एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. तिथून त्याला फरक दिसत होता, नक्कीच दिसत होता, मला त्याच्या मानेवरूनच कळलं. मग तो एक पाऊल मागे आला. आणखी एक. सोफ्याला पोटऱ्या टेकल्या तेव्हा थांबला.

"माझे डोळे तपासायला हवेत," तो म्हणाला.

"हो, हो!" गंजोबा एकदम बोलला. "मोतीबिंदू असणार. माझ्या सासऱ्यांना असंच झालं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईसुद्धा म्हणाल्या, आधी डोळ्यांचं बघून घ्या, मग बोलू. बाहेरची माणसं चुकली त्याचं मामाला काही नव्हतं. त्यांना बघता येत नाही एवढं म्हटलं की झालं. पण जन्मभर ज्याने दुसरं काही केलं नाही तो स्वतःच चुकला, त्याचं काय करायचं? डोळे गेलेले असतील तरच भिंती वाचत होत्या. मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले तेव्हा रस्ताभर तो लक्षणं सांगत होता. हल्ली धूसर दिसतं. दिव्याभोवती वलय दिसतं. सकाळी तर फारच. मी हो ला हो करत होते. माणूस आजारी निघावा म्हणून मी त्या दिवशी मनापासून प्रार्थना केली.

डॉक्टरबाई हसऱ्या होत्या. मामाने समोरच्या फळ्यावरची सगळी अक्षरं वाचली, अगदी शेवटची ओळसुद्धा, आणि तिच्याखाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही. खोटं बोलायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. दिसलं की सांगायचं, एवढंच त्याला येत होतं.

"या वयात असे डोळे!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तरुण पोरांना लाजवाल तुम्ही."

"पडदा बघा," मामा म्हणाला. "पडद्यात काही असेल."

त्यांनी थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्हाला बाहेर बसवलं, मग यंत्राला हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं. पडदा चांगला होता. नस चांगली होती. दाब योग्य. मोतीबिंदूचा मागमूस नाही.

"पुन्हा एकदा बघता का?" मामाने विचारलं. "नीट बघा हो. काहीतरी असेल."

"काहीही नाही, काका. ठणठणीत आहेत डोळे. आनंदाची गोष्ट आहे."

मामा रडायला लागला. हनुवटी अजून यंत्रावरच होती. डॉक्टरबाईंनी कापूस पुढे केला. "थेंबांनी पाणी येतं थोडं," म्हणाल्या. मी कापूस घेतला आणि त्याचे डोळे पुसले. माझा मामा मोठ्या आवाजाचा माणूस. त्याला असं बघून माझ्या आत काहीतरी कायमचं मोडलं, हे मी सरळ सांगून टाकते.

आम्ही परत आलो तेव्हा कंपनीच्या फाटकाशी गंजोबा, शेवाळबाई आणि ओली उभे होते. थेंबांमुळे मामाला उजेड सहन होत नव्हता, त्याने माझा दंड धरला होता.

"काय म्हणाले?" गंजोबाने विचारलं.

मामाने माझ्याकडे बघितलं. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते. त्याने काही मागितलं नाही. मागायची गरजच नव्हती.

"पडदा खराब झालाय," मी म्हणाले. "खूप दिवसांपासून असणार."

"तरीच!" शेवाळबाई म्हणाल्या. "मी म्हणतच होते." ओलीने मामाच्या पाठीवरून हात फिरवला. तिघांच्याही चेहऱ्यावर इतकं हायसं वाटलेलं दिसलं की मला त्यांची कीव आली. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन.

विभाग बंद झाला तो झालाच. माझ्या खोट्याने काही फरक पडणार नव्हता. भिंती आता विकत येतात. गंजोबा मुलाच्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये बसतो, खऱ्या गंजाशी पडलेल्या गाठीवर विनोद करतो, पण त्याचे विनोद ऐकवत नाहीत. शेवाळबाई गावी गेल्या. ओली एका दवाखान्यात फोन घेते. तो सहाव्या पिढीचा गेम बाजारात आला तेव्हा खपला चांगला. खेळणाऱ्यांनी कथेला नावं ठेवली, शेवटच्या लढाईचं कौतुक केलं. भिंतींबद्दल कुणी बरं नाही, वाईट नाही, काहीच बोललं नाही.

मामाने चष्मा करून घेतला. जाड काड्यांचा, साध्या काचेचा. कुणी विचारलं की सांगायचा, "डोळे गेले माझे. नाहीतर त्या दिवशी फरक दिसलाच असता." आधी आठवड्यातून एकदा सांगायचा, मग रोज. पेपर मामीला मोठ्याने वाचायला लावू लागला. जिना उतरताना भिंत चाचपडायला लागला. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा तो आंघोळीला गेलेला, चष्मा टेबलावर. मामीने पदराने काचा पुसल्या, पुसता पुसता चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर ठेवून खिडकीबाहेर बघितलं. मग काढून त्याची घडी केली आणि होता तिथे ठेवला.

"ह्याच्यात काहीच नाही गं," ती म्हणाली.

"नाही, मामी."

"मला वाटलंच होतं." आणि ती आत गेली.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, सावली कुठेच नव्हती. मामाला जरा फिरवून आण, असं मामीने सांगितलं म्हणून आम्ही दोघं निघालो. मागच्या गल्लीत एका बंद गोदामाची भिंत आहे. खाली शेवाळ, मधे निळा रंग, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली वीट, आणि पाइपाच्या जोडापासून खालपर्यंत गंजाचा ओघळ. पूर्वी अशा भिंतीपुढे त्याने मला तासभर ताटकळत ठेवलं असतं. मी मुद्दाम थांबले.

"मामा, ही भिंत बघ ना."

त्याने मान वळवली नाही. "मला कुठे दिसतंय, बाळा," तो म्हणाला. आणि माझं कोपर धरून, वाटेतलं पाण्याचं डबकं बरोबर चुकवून, तो पुढे चालायला लागला.